डब्यावर ‘आरपीजी’ लिहिलंय, पण आत नेमकं काय आहे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक: व्हिडिओ गेमचे प्रकार आणि आमच्या चिठ्ठ्या

दुकानात गेम परत येतो तेव्हा त्यात बिघाड असतोच असं नाही. पुष्कळदा ग्राहकाला हवं होतं एक आणि डब्यात निघालं दुसरंच, एवढंच झालेलं असतं. डब्यावरचा शब्द तसा खोटा नसतो, अपुरा असतो.

याचं कारण असं की प्रकारांचे हे शब्द एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ‘फर्स्ट पर्सन’ म्हणजे कॅमेरा पात्राच्या डोळ्यांत आहे. ‘शूटर’ म्हणजे हातांना काय काम आहे. ‘हॉरर’ म्हणजे खेळणाऱ्याला काय वाटावं. ‘ओपन वर्ल्ड’ नकाशाबद्दल बोलतो, ‘को-ऑप’ सोबत्याबद्दल, आणि ‘सोल्सलाइक’ (म्हणजे ‘डार्क सोल्स’ या गेमसारखा) तर फक्त कुळ सांगतो. त्यामुळे एकच गेम पाच-सहा खणांत ठेवता येतो आणि कुठेही चुकीचा ठरत नाही. गेम बनवणारे ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ साली दोन मोठ्या गटांत काम भागवलं होतं: चपळाईचे गेम आणि डावपेचांचे गेम. पुढे अभ्यासक मार्क वुल्फ यांची यादी चाळिसाच्या वर गेली. दोन गट फार ढोबळ आणि चाळीस गट कुणाच्या लक्षात राहणार?

नावं पडली कशी

बरेचसे प्रकार आधी एका गाजलेल्या गेमच्या नावाने ओळखले गेले. १९९३ साली ‘डूम’ आला आणि पुढची काही वर्षं तसल्या गेमना सर्रास ‘डूम क्लोन’ म्हणत. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ हा शब्द नंतर रुळला. इथे नशिबाने कामाचं वर्णन जिंकलं. ‘ॲडव्हेंचर’चं तसं झालं नाही. विल क्राउथर यांचा १९७६चा गुहेतला ‘ॲडव्हेंचर’ हा मजकुरी गेम, ज्यात डॉन वुड्स यांनी १९७७ साली भर घातली, त्याच्या नावातूनच हा शब्द आला. तो गेम वाचायचा, विचार करायचा आणि आज्ञा टाइप करायचा होता. आज ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ म्हटलं की धावणं, चढणं, तलवारबाजी, गाडी चालवणं सगळं त्यात येतं, म्हणून आम्ही हा शब्द डब्यामागच्या आमच्या चिठ्ठीवर लिहीतच नाही.

सर्वांत जास्त गोंधळ ‘रोगलाइक’चा, म्हणजे ‘रोग’ (Rogue) या गेमसारख्या गेमचा. मूळ ‘रोग’ १९८० सालचा: पडद्यावर अक्षरांनी काढलेलं तळघर, दर खेपेला नवा नकाशा, मेलात की पहिल्यापासून. २००८ साली बर्लिनमध्ये या गेमच्या जाणकारांनी बसून लक्षणं ठरवली. त्यात नकाशा आपोआप बनणं आणि मरण कायमचं असणं तर होतंच, शिवाय चाल आळीपाळीने होणं आणि जग चौकटींत विभागलेलं असणं हेही होतं. त्याच वर्षी ‘स्पेलंकी’ आला. त्यात नकाशा नवा, मरण कायमचं, पण खेळ उड्या मारण्याचा आणि घड्याळ सतत चालू. ‘स्ले द स्पायर’मध्ये तर पत्ते आहेत. ‘हेडीज’मध्ये मरून घरी परतलं की जमवलेल्या काही गोष्टींतून कायमची ताकद वाढवता येते. अशांना ‘रोगलाइट’ म्हणायची पद्धत आहे, पण डबे छापणारे हा भेद पाळतातच असं नाही. तेव्हा या खणातला गेम घेताना दोनच प्रश्न विचारा: मेल्यावर हाती काय उरतं? आणि खेळ माझ्यासाठी थांबतो की नाही? विचार करून चाल करायला आवडणाऱ्याने दुसरा प्रश्न विसरला की गेम हमखास परत येतो.

‘आरपीजी’बद्दल जरा सविस्तर

आरपीजी म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम. हा शब्द आज सगळ्यांत कमी माहिती देतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) मेनूतून हल्ला निवडायचा गेम. ‘डियाब्लो’ (१९९६) म्हणजे माउसवर टिचक्यांचा पाऊस आणि पडलेलं सामान वेचणं. ‘स्कायरिम’ (२०११) बहुतेक जण पात्राच्या डोळ्यांतून खेळतात आणि तलवार स्वतः चालवतात. ‘डिस्को एलिझियम’मध्ये (२०१९) नेहमीची लढाई नाहीच. सगळं संभाषणातून चालतं, आणि कठीण प्रसंगी दोन फासे टाकून निकाल लागतो. चारही आरपीजी. यातला एक आवडणाऱ्याला दुसरा आवडेलच याची खात्री कुणी देऊ नये.

मग यांच्यात सामाईक काय? पात्राचे आकडे वाढत जातात, हे. पण हेही आता फक्त यांच्याकडे राहिलेलं नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने २००७ साली शूटरच्या ऑनलाइन सामन्यांत गुण, हुद्दे आणि त्यातून उघडणारी हत्यारं आणली. आज शर्यतीच्या, खेळांच्या, अगदी कोड्यांच्या गेममध्येही लेव्हल वाढते. त्यामुळे ‘आरपीजीचे घटक’ असं डब्यावर दिसलं तर त्याला फारसं महत्त्व देऊ नका. त्याऐवजी हे विचारा: लढाई आळीपाळीने की हातघाईची, पात्र तुम्ही घडवणार की आयतं मिळणार, तुमच्या निवडीने कथा वळते की नाही, आणि वाचायला किती आहे. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. ‘डिस्को एलिझियम’ घेऊन जाणाऱ्याला तो आम्ही आपणहून विचारतो, कारण तिथे वाचन हाच खेळ आहे.

मालिकेच्या नावावर भरवसा नको

‘फॉलआउट’ (१९९७) वरून तिरप्या कोनातून दिसतो आणि लढाईत प्रत्येकाची पाळी येते. ‘फॉलआउट ३’ (२००८) मध्ये तुम्ही पात्राच्या डोळ्यांतून बघता, आणि लढाई थांबवून नेम धरायची सोय असली तरी जग एरवी सुरूच असतं. ‘फॉलआउट शेल्टर’ (२०१५) म्हणजे तळघरातल्या खोल्यांचा कारभार. नाव एक, काम तीन. जुना भाग आवडला म्हणून नवा घेताना दोन्हींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचा.

काही गेम तर मध्येच रंग बदलतात. ‘स्पोअर’चे (२००८) पाच टप्पे आहेत, पेशीपासून अंतराळापर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याचा खेळ वेगळा. ‘ब्रूटल लेजंड’ (२००९) सुरुवातीला कुऱ्हाड आणि गिटारने हाणामारी करायला लावतो, पण पुढे मोठ्या लढायांत फौजा उभ्या करून हुकूम सोडावे लागतात. हाणामारीसाठी घेणारा तिथे अडकतो. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ही सोय चांगली आहे, पण असे उशिरा बदलणारे गेम दोन तासांत खरं रूप दाखवतीलच असं नाही.

आमची चिठ्ठी कशी वाचायची

प्रत्येक डब्याच्या मागे आमची पिवळी चिठ्ठी असते. तिच्यावर प्रकार लिहिलेला नसतो. असतं ते असं:

‘पोर्टल’. कॅमेरा: पात्राच्या डोळ्यांतून. हाताचं काम: बंदुकीसारखं यंत्र, पण त्यातून गोळ्या सुटत नाहीत, भिंतीवर एकमेकांना जोडलेली दोन दारं उघडतात. बाकी सगळी कोडी. काही उड्यांना वेळ साधावी लागते. मरण: स्वस्त, जवळच्या सेव्हपासून पुन्हा. वाचन: जवळपास नाही, ऐकायला आहे. लांबी: थोडक्यात संपतो. सोबत: एकट्याने.

‘स्ले द स्पायर’. कॅमेरा: समोरून, स्थिर. हाताचं काम: पत्ते निवडणं, घाई कधीच नाही. मरण: डाव पहिल्यापासून, मात्र पुढच्या डावांसाठी नवे पत्ते उघडत जातात. सेव्ह: डाव मध्येच सोडून नंतर पुढे चालू करता येतो. वाचन: पत्त्यांवरचा बारीक मजकूर, दुरून पडद्यावर खेळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

‘हाताचं काम’ ही ओळ सर्वांत आधी वाचा. पोर्टलला दुकानांत शूटरच्या शेजारी ठेवलेलं दिसतं, कारण कॅमेरा आणि बंदूक तशीच आहे. चिठ्ठी वाचली तर तो कोड्यांच्या खणातला हे लगेच कळतं. ‘कॅमेरा’ची ओळ ज्यांना पडद्याकडे बघून मळमळतं त्यांच्यासाठी आहे. डोळ्यांतून दिसणारा गेम घेतलाच तर सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढवा, डोकं हलण्याचा आणि हालचालीतल्या धूसरपणाचा परिणाम बंद करा. या सोयी गेममध्ये आहेत की नाहीत, तेही चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेलं असतं.

वयाचा शिक्का हा वेगळा विषय. अमेरिकेतली ईएसआरबी (१९९४) आणि युरोपातली पेगी (२००३) या व्यवस्था आत काय दाखवलंय ते सांगतात. गेम किती अवघड आहे, हे त्या सांगत नाहीत. ‘कपहेड’ १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखा दिसतो. मुलांसाठी म्हणून नेला जातो आणि मोठ्यांनाही घाम फोडतो.

घरच्या घरी तपासणी

ट्रेलर बघून ठरवू नका. त्यात बहुतेक कट-सीन (खेळायचे नसलेले, नुसते बघायचे प्रसंग) असतात आणि कंट्रोलरवर बोटं काय करतात ते दिसत नाही. न कापलेलं, शक्यतो बिनबडबडीचं खेळाचं चित्रण शोधा. सुरुवातीचा भाग सोडा, कारण तिथे शिकवणी चाललेली असते. दुसऱ्या तासाच्या आसपासची १० मिनिटं बघा. शेजारी कागद घ्या आणि लढाई, चालणं, मेनू, संभाषण अशा चार रकान्यांत किती वेळ जातोय ते लिहा. अर्धा वेळ मेनूत गेला आणि तुम्हाला मेनू आवडत नसेल, तर डब्यावर ‘ॲक्शन’ लिहिलेलं असून उपयोग नाही.

स्टीमवर २०१४पासून खेळणारे स्वतः गेमना टॅग, म्हणजे वर्णनाचे छोटे शब्द, लावतात. गेमच्या पानावर जास्तीत जास्त २० टॅग दिसतात आणि क्रमाला अर्थ असतो, म्हणून पहिले पाच वाचा. एकटा टॅग फसवतो. ‘आरपीजी’ला ‘टर्न-बेस्ड’ची (आळीपाळीची चाल) जोड आहे की ‘हॅक अँड स्लॅश’ची (हातघाईची मारामारी), यावर सगळं ठरतं. थट्टेने लावलेले टॅगही सापडतील. ‘सिम्युलेटर’ हा शब्द तर आता बराचसा विनोदातच जमा झालाय: ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये खरोखरीच्या विमानासारखी बटणं हाताळावी लागतात आणि ‘गोट सिम्युलेटर’मध्ये बकरी वाटेल ते तोडत सुटते.

आमच्याकडे मागताना

‘स्टारड्यू व्हॅलीसारखा दुसरा द्या’ ही मागणी आमच्याकडे येतच असते. त्या एका गेममध्ये शेती आहे, मासेमारी आहे, खाणीतली लढाई आहे, गावकऱ्यांशी मैत्री आणि लग्नही आहे. यातलं नेमकं काय आवडलं, ते सांगा. काय खटकलं तेही सांगा. गेममधला एक दिवस खऱ्या वेळेत सुमारे १४ मिनिटांत संपतो. काहींना ही धावपळच भावते, काहींना तेवढीच नको असते. ‘शेती हवी, घड्याळ नको, लढाई चालेल पण मेल्यावर सामान जाऊ नये’ असं सांगितलंत, तर शोधायला सोपं जातं. एखादा गेम अर्ध्यात सोडला असेल, तर कुठे सोडलात तेही सांगा. आवडत्या गेमच्या यादीपेक्षा त्याचा आम्हाला जास्त उपयोग होतो.