जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचंय? बेळगाव सीमाभागातल्या मालकांसाठी आरटीओची प्रक्रिया

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आहेत, फौंड्र्या आहेत आणि हातात कसब असलेले मेस्त्रीही आहेत. जुन्या जीपमध्ये आजचं इंजिन बसवणं तिथं अवघड नाही. गाडी अडते ती आरटीओत. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, हातात घ्या आणि तिच्यावर काय काय छापलंय ते नीट वाचा: कंपनी, मॉडेल, इंजिन नंबर, चॅसिस नंबर, सीसी, इंधन, बॉडीचा प्रकार, सीट, वजन. तुमचा बेत यातल्या कुठल्या रकान्याला धक्का लावतो, यावरच पुढचं सगळं ठरतं.

जुनी बॉडी आणि ताकदवान इंजिन, म्हणजेच हॉट रॉड, हा छंद अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्यांवर वाढला. आपल्याकडं तो जीप, फियाट आणि अँबेसिडरवर येतो. पण तिकडचे व्हिडिओ बघून इकडं काम काढू नका, कारण आपला कायदा वेगळा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं 'आधी बसवू, मग आरसीचं बघू' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

मग कायद्यात काय बसतं?

पहिला मार्ग त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाचा. पद्मिनीचं, म्हणजे आपल्या फियाटचं, १०८९ सीसीचं इंजिन थकलं, तर तसंच दुसरं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं आणि आरसीवर फक्त नंबर बदलतो. पद्मिनीत मारुतीचं इंजिन मात्र नाही. अँबेसिडरवाले इथं हमखास एक मुद्दा काढतात: कंपनीनंच पुढं १९९० च्या दशकात इसुझूचं १८०० सीसी इंजिन दिलं होतं, मग आमच्या जुन्या १४८९ सीसीच्या गाडीत ते का नको? कंपनी तीच असली तरी सीसी वेगळी, इंजिनाचा प्रकार वेगळा. ते 'तेच इंजिन' ठरत नाही.

दुसरा मार्ग मंजूर किटचा. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याची सोय कलम ५२ मध्येच आहे. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मंजुरी हवी, आणि ते अधिकृत केंद्रातच बसवायला हवं. इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. जुन्या बॉडीत खरोखर आजची ताकद हवी असेल, तर माझ्या मते सरळ रस्ता हाच. फक्त पैसे देण्याआधी मंजुरीच्या सर्टिफिकेटमध्ये तुमच्या गाडीचा प्रकार आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तिसरा मार्ग इंजिनाला हातच न लावण्याचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो. अर्ज फॉर्म २० मध्ये. सोबत इन्शुरन्स, जुनी आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापराला किंवा भाड्यानं नाही. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी यात बसत नाही. घरात १९७० च्या आसपासची सुस्थितीतली जीप असेल, तर इंजिन काढण्याआधी हा विचार जरूर करा. एकदा मूळपण गेलं की हा दरवाजा बंद.

आता अर्ज. आपापल्या आरटीओत करायचा: बेळगाव आणि खानापूरकरांना केए-२२, चिक्कोडी-निपाणीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९. परिवहन पोर्टलवर गाडीतील बदलाचा अर्ज भरून परवानगी घ्यायची, मग काम, मग १४ दिवसांच्या आत कळवून तपासणीला गाडी दाखवायची. त्यासाठी नोंदणी चालू हवी. खासगी गाडीची १५ वर्षं संपली असतील तर आधी फॉर्म २५ भरून ५ वर्षांचं नूतनीकरण करा. २० वर्षांवरच्या कारला त्याची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे.

फाईलमध्ये मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, एमिशन सर्टिफिकेट, आधार, पॅन, नव्या इंजिनाचं नंबर लिहिलेलं जीएसटी बिल आणि बसवणाऱ्या गॅरेजचं बिल ठेवा. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. इंजिन जुन्या गाडीतून काढलेलं असेल, तर त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्या भागात आणखी एक अडचण नेहमीची: आधारवर नावाचं स्पेलिंग एक आणि आरसीवर दुसरं. ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज परत येतो.

कोल्हापूरकडून एमएच-०९ ची गाडी आणली असेल, तर आधी तिथून फॉर्म २८ वर एनओसी, मग इकडं टॅक्स भरून केए नंबर, आणि मगच इंजिन. आणि घेताना इंजिन नंबर तपासा; तो न तपासण्याची चूक आमच्या घरात झाली आहे. काकांनी निपाणीत घेतलेल्या जीपचं इंजिन आधीच्या मालकानं नोंद न करताच बदललेलं होतं. आम्ही व्यवहारानंतर डिझेलच्या फडक्यानं इंजिनाचा नंबर कोरलेला ब्लॉक पुसला, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि उमटलेला शेवटचा आकडा आरसीशी जुळेना. तिसऱ्यांदा घासला तरी तोच. ती जीप दोन पावसाळे पत्र्याखाली उभी राहिली. तुम्ही हा पेन्सिलचा छाप पैसे देण्याआधी घ्या, इंजिनाचा आणि चॅसिसचा, दोन्ही.

नवी आरसी आली की इंजिन नंबर आकडा न् आकडा ताडून बघा आणि त्याच आठवड्यात इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर तो नंबर चढवून घ्या.