हाताला कळणारी नाणी

स्वातंत्र्य मिळालं तरी पुढची तीन वर्षं आपल्या नाण्यांवर इंग्लंडचा राजाच होता. १५ ऑगस्ट १९५० ला नवी मालिका आली. राजाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली आणि रुपयावरच्या वाघाच्या जागी धान्याची कणसं आली. हिशेब मात्र जुनाच राहिला: १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा, ३ पैंचा पैसा.

खरी उलथापालथ झाली ती १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवसापासून रुपयाचे १०० पैसे झाले. पण बाजारात रुपयाला ६४ मिळणारा जुना पैसाही चालूच होता, म्हणून नव्याला ‘नया पैसा’ म्हणायचं ठरलं. घोळ नको म्हणून नाण्यावरच ‘रुपये का सौवाँ भाग’ असं छापलं. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. पाव पैसा देणार कुठून? सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नये पैसे धरले होते. म्हणजे तीन आण्यांचा माल एकदम घेतला तर १९ नये पैसे, एकेक आण्याचा तीनदा घेतला तर १८! चार आणे आणि आठ आणे तेवढे नव्या हिशेबात चपखल बसले, त्यामुळे ते बोलण्यातून लवकर गेले नाहीत. ‘नया’ हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये गळाला.

या नाण्यांची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांचे आकार. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैशांची कड लाटांसारखी. अक्षरओळख नसलेल्यालाही खिशात हात घालून नाणं ओळखता येई. साठच्या दशकात धातू महागले तसं अ‍ॅल्युमिनियम आलं. त्याची सुरुवात तीन पैशांच्या षटकोनी नाण्याने झाली. नाणी पिसासारखी हलकी झाली, पण आकारांचं वैविध्य टिकलं.

ते गेलं स्टेनलेस स्टीलबरोबर. १९८८ मध्ये १०, २५ आणि ५० पैसे स्टीलचे झाले, १९९२ मध्ये रुपया, सगळी गोल. दोन रुपयांचं ११ कोनी नाणं काही वर्षं तग धरून होतं, पुढे तेही गोल झालं. २०११ च्या मालिकेत तर कमाल झाली: दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे नेमकं १९९२ च्या रुपयाएवढं, आणि वजनही तेच, ४.८५ ग्रॅम. दोन्ही एकाच वेळी चलनात. अंधारात सुटे पैसे देणाऱ्याने काय करावं?

२०२० पासून मिळू लागलेलं वीस रुपयांचं नाणं पुन्हा १२ कोनी आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात. दुकानदार घेत नाहीत, हा भाग वेगळा.