बाल्टो एकटा धावला नव्हता

भुसावळच्या उन्हात वाढलेल्या मुलांना उणे ४० अंश समजावणं कठीण, पण स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट मात्र ती डोळे विस्फारून ऐकतात. म्हणूनच ती खरी सांगायला हवी. आपल्याकडे शाळाशाळांतून ती अशी फिरते: १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली आणि बाल्टो नावाच्या कुत्र्याने एकट्याने हजार किलोमीटर धावून लस पोचवली.

तसं झालं नव्हतं. अलास्कातल्याच नेनाना गावापासून नोमपर्यंतचं सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी रिले पद्धतीने साडेपाच दिवसांत कापलं. चालकांत अलास्काचे मूलनिवासी बरेच होते. त्यांची नावं आपण मुलांना सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि पेटीत लस नव्हती, घटसर्पाच्या विषावरचा उतारा होता.

बाल्टो शेवटच्या टप्प्यात पुढे होता. सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे साधारण जळगाव ते धुळे. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र चालक सेप्पाला यांच्या तुकडीचा. त्यांचा म्होरक्या कुत्रा टोगो तेव्हा १२ वर्षांचा होता. जाऊन-येऊन तो सुमारे ४२० किलोमीटर धावला, जळगावहून थेट मुंबई! त्यातला काही भाग तर गोठलेल्या समुद्रावरून.

बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, म्हणून त्याचं नाव जगभर झालं. पण त्या पुतळ्याखालची पाटीही औषध पोचवणाऱ्या सगळ्याच कुत्र्यांना अर्पण केलेली आहे.