पुंगळी, चेंबर अन् डाय : ही भानगड सुरू कुठून झाली

आमच्या वणी-वरोऱ्याच्या पट्ट्यात लेथवर हात बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, जिनिंगमधला जुना शाफ्ट बुश काढायला आला तर माप कुठून घेतो, तो सांगेल शाफ्टवरून, कॅटलॉगवरून नाही. शाफ्ट घासलेला असतो, कागदावरचं माप त्याचं राहिलेलं नसतं, अन् त्या मापाचा बुश टाकला तर चार दिवसांत खडखड सुरू. झाडलेलं काडतूस पुन्हा भरायला लागणाऱ्या साच्याचा, म्हणजे रायफलच्या रिलोडिंग डायचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो, माप कोणाचं धरायचं, कागदावरचं की समोरच्या चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेचं. बंदुकीवर आपल्याकडं गप्पा भरपूर होतात, रानडुकरानं अन् रोह्यानं (नीलगायीनं) तूर-हरभरा साफ केला की शेतराखणीच्या परवान्याचा विषय निघतोच, पण हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पितळ समजून घ्या. काडतुसाची पुंगळी, म्हणजे गोळी अन् बंदुकीची दारू धरणारं पितळी नळकांडं, हे साधारण ७० टक्के तांबं अन् ३० टक्के जस्त. गोळी झाडली की आतल्या प्रेशरनं पुंगळी फुगते अन् चेंबरच्या भिंतीला गच्च चिकटते, त्यामुळं गॅस मागं येत नाही, प्रेशर उतरलं की पितळ किंचित आकसतं म्हणून ती बाहेर ओढता येते, पण मूळ मापावर काही ती परत येत नाही. म्हणजे झाडलेल्या पुंगळीवर त्या एका चेंबरचं माप उतरलेलं असतं. ती पुन्हा भरायची तर तिला दाबून बारीक करावं लागतं, मानेत, म्हणजे तोंडाकडच्या बारीक भागात, नवी गोळी घट्ट बसली पाहिजे अन् अंग चेंबरमध्ये अडकलं नाही पाहिजे. हे काम करणारी कडक पोलादाची पोकळ डाय, प्रेसच्या दांड्यानं पुंगळी तिच्यात ढकलायची अन् परत ओढायची, बस एवढंच. मेख आहे ती किती दाबायचं यात. कमी दाबली तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, बंद होत नाही, जास्त दाबली तर पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते, दर वेळी फुगते, दर वेळी दाबली जाते, अन् बुडाच्या थोडं वर आतून पातळ होत होत एक दिवस तिथंच तुटते. तुटायच्या आधी बाहेरून एक चकचकीत रिंग दिसते, अन् तार बारीक वाकवून आतून फिरवली तर तिथं खाच लागते. ही खाच बोटाला जाणवली ना की डाय अन् चेंबरचं नातं लगेच कळतं, मग कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात होताच. प्रत्येक नळी थोडी वेगळी, म्हणून कारागीर रायफलसोबत तिच्याच मापाचा गोळी ओतायचा साचा द्यायचा, दुसऱ्याचा साचा चालेलच असं नाही. पुढं १८६० च्या दशकात पितळेची सेंटरफायर पुंगळी आली, इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर अन् अमेरिकेत हायरम बर्डन या दोघांनी दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीच्या दोन तऱ्हा काढल्या. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असतं, जुनी टोपी सरळ सुईनं ठोकून निघते, बर्डनमध्ये सहसा दोन बारीक भोकं अन् ऐरणीचा उंचवटा पुंगळीतच, त्यामुळं ती काढायला कटकट. आज जगात ज्या पुंगळ्या पुन्हा भरल्या जातात त्या बहुतेक बॉक्सरवाल्याच. त्या काळी विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या भारी डबल-बॅरल रायफलींच्या लाकडी पेटीत बंदुकीच्या दारूचं माप, टोपी काढायची-बसवायची हत्यारं अन् साचा सोबत असायचा, कारण साहेब लोक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अन् वऱ्हाडच्या जंगलात महिनोन् महिने तंबू ठोकून राहायचे अन् काडतुसांचं दुकान काही मेळघाटात नव्हतं.

अमेरिकेत जॉन बार्लो नावाच्या माणसानं १८८४ मध्ये न्यू हेवनला आयडियल कंपनी काढली अन् पकडीसारखं हातात धरायचं रिलोडिंग टूल विकायला लागला, पुढं १९२५ मध्ये लायमन कंपनीनं आयडियल विकत घेतली. या पकडीनं पुंगळीची फक्त मान दाबली जायची, अख्खं अंग दाबायला ताकदच पुरायची नाही. ही मर्यादा होती, पण तिच्यातून एक गोष्ट उमगली, एकाच रायफलमध्ये झाडलेली पुंगळी त्याच रायफलीत परत वापरायची असेल तर अंगाला हात लावायची गरज पडतच नाही, निदान काही वेळा तरी नाही. त्याच काळात तिकडं जर्मन वळणाच्या शुट्झेन स्पर्धा चालायच्या, २०० यार्डांवर, उभ्यानं. त्यातले नेमबाज एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून अख्खी मॅच मारायचे, पुंगळी चेंबरला अशी बसलेली की साइझ करायचा, म्हणजे दाबून मापात आणायचा, प्रश्नच नाही. अचूकतेची जी भूक पुढं सगळ्या डाय-कारागिरीला लागली तिचं मूळ मी इथंच धरतो.

मग आलं स्टँडर्डचं युग. कारखाने लाखांनी रायफली अन् काडतुसं काढायला लागले, कोणाचंही काडतूस कोणाच्याही रायफलीत गेलं पाहिजे ही अट आली, १९२६ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी मिळून सामी ही संस्था काढली अन् मापं कागदावर आली. मापं आली म्हणजे त्यासोबत टॉलरन्सही आला, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ती सूट. उदाहरण घ्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाचं, बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या (अंग अन् मान यांच्यातल्या उतारावरच्या) ठरलेल्या रेषेपर्यंत चेंबर १.६३० ते १.६४० इंच चालतं, अन् काडतूस १.६२७ पर्यंत आखूड चालतं. म्हणजे नशिबानं सगळ्यात लांब चेंबर अन् सगळ्यात आखूड काडतूस एकत्र आलं तर तेरा हजारांश इंचाची, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी फट. एकदा झाडायला काही धोका नाही, पण पुंगळी परत परत वापरणाऱ्यासाठी ती फट म्हणजे पितळेचं मरण. अन् फॅक्टरीची डायसुद्धा याच हिशोबानं कापलेली, सगळ्यात छोट्या चेंबरमध्येही पुंगळी गेली पाहिजे म्हणून ती सगळ्यांच्याच पुंगळ्या जरा जास्तच दाबते. फॅक्टरीचं यात काही चुकत नाही, तिच्यासमोर तुमची रायफल नसते, एवढंच.

लष्करी रायफलींचं तर विचारूच नका. इंग्रज फौजेच्या .३०३ रायफलीची चेंबरं सैल असायची, खंदकातली माती लागलेलं काडतूसही आत गेलं पाहिजे हा विचार, त्यामुळं .३०३ च्या पुंगळ्या रिलोडिंग करणाऱ्यांच्या हातात लवकर तुटतात ही तक्रार जगभर आहे. त्यांनी उपायही काढला, डाय प्रेसमध्ये थोडी वर ठेवायची, मान दाबली जाईल अन् खांद्याला जेमतेम लागेल एवढीच. काडतूस बुडाच्या कडेवर अडकण्याऐवजी आपल्या खांद्यावर टेकतं अन् पितळेवरचा ताण कमी होतो. डायला हात न लावता तिच्यातून वेगळं काम करून घ्यायची ही सगळ्यात सोपी युक्ती.

डायमध्ये खरा बदल करायची वेळ आणली ती वाइल्डकॅटवाल्यांनी. कारखान्यात न बनणारं काडतूस, म्हणजे तयार पुंगळी घ्यायची, मान बारीक किंवा मोठी करायची, खांदा मागं-पुढं करायचा अन् त्या आकाराचं चेंबर नव्या नळीत कापायचं. .३०-०६ ची मान बारीक करून .२५-०६ झालं, कितीतरी वर्षं ते फक्त हौशी लोकांच्या हातात होतं. .२२-२५० चंही तसंच, रेमिंग्टननं ते फॅक्टरीत घेतलं १९६५ मध्ये, त्याच्या आधी दशकानुदशकं हौशी लोकच वापरत होते. अन् या सगळ्यात मोठं नाव पार्कर ऑटो ॲकली. दुसऱ्या महायुद्धानंतर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडमध्ये हा माणूस रायफली बनवायचा अन् तिथल्या कॉलेजात पोरांना बंदूक-कारागिरी शिकवायचा. त्याची रीत अशी, चेंबर थोडं मोठं कापायचं, अंगाचा उतार कमी करायचा, खांदा पुढं बऱ्याच काडतुसांत ४० अंशांपर्यंत उभा करायचा. बाजारातलं साधं काडतूस त्यात झाडलं की पुंगळी फुगून नवा आकार घेते. आता बघा गंमत, ही नव्या आकाराची पुंगळी जुन्या डायमध्ये टाकली तर ती परत जुन्या आकाराकडं दाबली जाणार, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून चेंबर बदललं की डाय बदललीच पाहिजे, इथं पर्यायच उरला नाही.

ती डाय द्यायची कोणी? कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टननं १९४३ मध्ये वडिलांच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं, युद्धामुळं गोळ्या मिळत नव्हत्या म्हणून .२२ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळीचं आवरण बनवायची डाय काढली. त्यातून आरसीबीएस कंपनी उभी राहिली अन् पुढं तिनं कस्टम डायचं काम घेतलं, गिऱ्हाइकानं आपल्या रायफलीत झाडलेल्या पुंगळ्या पाठवायच्या, त्यांच्यावरून डाय तयार. शाफ्टवरून बुश काढायचाच हिशोब झाला की हा. दरम्यान डायचे आटेही ठरून गेले, बाहेरून ७/८ इंच, इंचाला १४ आटे, म्हणून आज एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसते.

बेंचरेस्टवाल्यांनी हे टोकाला नेलं. टेबलावर रायफल टेकवून शंभर-दोनशे यार्डांवर एका भोकात गोळ्या घालायचा हा खेळ. १९७५ मध्ये लुई पाल्मिसानो अन् फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियनच्या पुंगळीवरून ६ पीपीसी हे काडतूस काढलं, आजही या खेळात त्याचा दबदबा आहे. त्यांचं चेंबर मानेत मुद्दाम घट्ट कापलेलं, बहुतेक वेळा ०.२६२ इंच, त्यामुळं बाजारातली पुंगळी तशीच जातच नाही, मान बाहेरून खरवडून पाव मिलिमीटरहूनही पातळ करावी लागते. अशा ठिकाणी साधी डाय काय कामाची. मग मानेच्या जागी बदलता येणारे कडक बुशिंग असलेल्या डाय आल्या, एक हजारांश इंचाच्या फरकानं बुशिंग मिळतात, आपल्या पितळेला जे लागेल ते टाकायचं. खांदाही फक्त एक-दोन हजारांश मागं ढकलायचा, जास्त नाही.

आता प्रत्यक्ष डायमध्ये काय करतात ते, कारण टर्नर माणसाला खरा रस इथं. फॅक्टरीची डाय वरून कडक केलेली असते, साधं टूल लावलं तर टूलचंच नाक जातं. चेंबर आखूड असेल अन् डाय खांद्याला पोहोचतच नसेल तर डायचं बूड किंवा शेलहोल्डरचा (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याचा) वरचा भाग ग्राइंडरवर किंचित उतरवतात. उलट असेल, डाय जास्तच ढकलत असेल, तर शेलहोल्डर थोडा उंच घेतात, रेडिंग कंपनी दोन-दोन हजारांशानं वाढत जाणारा सेटच विकते. मान जास्त दाबली जात असेल तर तेवढाच भाग होनिंगनं, म्हणजे आतून दगडानं घासून, मोठा करतात. हा आजार फार कॉमन आहे, फॅक्टरीला माहीत नसतं की कोणाचं पितळ किती पातळ आहे म्हणून ती मान अति दाबते, मग आतला एक्सपांडरचा गोळा तीच मान परत मोठी करत बाहेर येतो, पितळ दोनदा शिणतं अन् मान वाकडी होते ती वेगळीच. अंगात जागा हवी असेल तर बारीक पावडर लावून लॅपिंग, सावकाश, मधे मधे झाडलेली पुंगळी टाकून माप बघत. पण लक्षात ठेवा, डाय मोठी करता येते, छोटी करता येत नाही. चेंबर डायपेक्षा घट्ट असेल तर नवीनच डाय लागते. त्यासाठी चेंबरचा रीमर (भोक आतून मापात कापायचं हत्यार) बनवणारे त्याच्याच जोडीचा, किंचित कमी मापाचा साइझिंग रीमर देतात, कच्च्या पोलादात भोक कापायचं, घासून चकचकीत करायचं, मग कडक करायचं. कडक करताना माप हलतं, अन् कारागिराची परीक्षा तिथंच होते. मला विचाराल तर या अख्ख्या धंद्यातलं सगळ्यात सुंदर काम हेच.

आपल्याकडं ही विद्या का रुजली नाही त्याला कारण कायदा आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोरची आयात बंद केली, जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागणारा माल बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. विलायती कारागिरांनी लगेच .४७०, .४७५ असली मापं काढली, फक्त या बंदीला वळसा घालायला. .३०३ लष्करी माप म्हणून लोकांना मनाई, म्हणून ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखर काडतुसावरून .३१५ आलं, तेच आपलं तीनशे पंधरा बोर, इशापूरच्या कारखान्यात रायफल बनते. म्हणजे आपल्या भागात परवान्यावर दिसणारी रायफलसुद्धा मुळात एका बंदीतून जन्मलेली. स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम १९५९ आला, त्यात दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळं घरी बसून पुंगळ्या भरायचा शौक इथं फारसा रुजला नाही, अन् कोणी चोरून करूही नये, गुन्हा आहे तो. पण नागपूरच्या अंबाझरीपासून भंडारा, भद्रावतीपर्यंत आयुध निर्माण्यांत आपलीच माणसं पितळ-पोलाद-दारूच्या या कामात आहेत, त्यामुळं हे शास्त्र आपल्याला परकं आहे असं मी मानत नाही.

अन् पितळेच्या शास्त्रात तर हिंदुस्थानचा मोठा वाटा आहे. इंग्रज फौजेच्या पुंगळ्या पावसाळ्यात तबेल्यात ठेवल्या की आपोआप तडकायच्या, न झाडताच. घोड्यांच्या मुताचा अमोनिया अन् पितळ दाबताना आत राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून हे होतं असं १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल अन् मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं, अन् गरम करून ताण उतरवणं हा त्यावरचा उपाय. डायमधून वारंवार गेलेली मान कडक होऊन चिरते तेव्हा रिलोडिंगवाले तसंच काहीसं करतात, मान तापवून मऊ करतात.

ज्यांच्याकडं परवान्याची तीनशे पंधरा आहे त्यांनी रेंजवर झाडल्यावर पुंगळी एकदा उन्हात धरून बघा. बुडाच्या वर चकचकीत रिंग दिसत असेल किंवा बारीक चीर दिसत असेल तर पुढचं काडतूस भरू नका, रायफल परवानाधारक गनस्मिथकडं नेऊन हेडस्पेस गेज (चेंबरची लांबी तपासायचं माप) लावून घ्या, अन् ती पुंगळी सोबत न्यायला विसरू नका, कारण चेंबरचं माप तिच्यावरच आहे.