अजिंठा कोरवणारे वाकाटक कोणते? नंदिवर्धन आणि वत्सगुल्म

विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याविषयी मराठीत काहीही वाचायला घेतले की एक गोष्ट हमखास भेटते. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी आली, तिच्या काळात विदर्भ भरभराटीला आला आणि त्याच वैभवातून अजिंठ्याची लेणी उभी राहिली. यातली सुटी विधाने बहुतेक बरोबर आहेत, पण त्यांची सांधणी चुकीची आहे. प्रभावतीगुप्ता ज्या घरात आली ते घर वेगळे आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याचे नाव कोरले आहे त्या राजाचे घर वेगळे. एक नागपूरजवळचे, दुसरे वाशिमचे.

दोन्ही घरांचे मूळ मात्र एकच. तिसऱ्या शतकात विंध्यशक्तीने हे राज्य सुरू केले आणि त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने ते वाढवले. त्याने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी घेतली. त्याच्यानंतरच्या एकाही वाकाटक राजाने ती लावलेली दिसत नाही. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाच्या आधीच वारला. त्यामुळे प्रवरसेनानंतर एकीकडे नातू रुद्रसेन गादीवर आला आणि दुसरीकडे मुलगा सर्वसेन याने स्वतंत्र राज्य थाटले. रुद्रसेनाच्या वंशजांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. सर्वसेनाची वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. गोत्र एकच, विष्णुवृद्ध, आणि दोघेही स्वतःला वाकाटकच म्हणवत.

गोंधळ वाढवायला नावे पुरेशी आहेत. दुसरा प्रवरसेन नंदिवर्धनला झाला तसाच वत्सगुल्मलाही झाला. मूळ पुरुष विंध्यशक्ती, आणि सर्वसेनाचा मुलगाही विंध्यशक्तीच. नुसते ‘दुसरा प्रवरसेन’ असे लिहिलेले वाचले तर तो कुठला, हे पहिल्यांदा विचारायला हवे.

अभ्यासकांचीही बराच काळ अशीच फसगत झाली होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख झिजलेला आहे, आणि त्यातली पहिल्या प्रवरसेनानंतरची नावे नंदिवर्धनच्या राजांची म्हणून वाचली गेली होती. मग 1939 साली वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती अशी वंशावळ स्वच्छ दिलेली होती. तिच्या उजेडात इतिहास संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि तिथेही हेच घराणे आहे हे दाखवून दिले. एका ताम्रपटाने एक अख्खी राजशाखा परत मिळवून दिली. तरीही लोकांच्या मनात वाशिमला ती जागा अजून मिळालेली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

नंदिवर्धनची बाजू आपल्याला जास्त माहीत आहे, कारण तिथले ताम्रपट मुबलक आहेत आणि प्रभावतीगुप्ताची गोष्टही तशीच दमदार आहे. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला. थोरला मुलगा दिवाकरसेन लहान होता, म्हणून तिने कारभार हातात घेतला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. (नावामुळे तो पुण्याकडच्या राज्याचा वाटतो, पण तो दिला आहे नंदिवर्धनहून.) त्यात सासरची वंशावळ नाही. सुरुवात होते ती गुप्तांपासून, समुद्रगुप्त, चंद्रगुप्त अशी, आणि स्वतःचे गोत्र ती माहेरचे, धारण, सांगते. वाकाटक राज्याच्या दानपत्रावर गुप्तांचे नाव आधी यावे, यावरून त्या काळी नंदिवर्धनवर गुप्तांचा केवढा प्रभाव होता ते दिसते. तिचा दुसरा ताम्रपट ऋद्धपूरचा, म्हणजे महानुभावांच्या रिद्धपूरचा. तो रामगिरीस्वामी या देवाच्या चरणांपासून दिलेला आहे, आणि तो रामगिरी म्हणजे रामटेक.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने राजधानी प्रवरपूरला नेली. हे गाव म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मिराशींचे मत. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आहे. त्याचा चम्मकचा ताम्रपट मला फार बोलका वाटतो. मधुनदीकाठचे चर्मांक गाव त्याने हजार ब्राह्मणांना दिले, पण अटी घालून. राज्याविरुद्ध कट करायचा नाही, चोरी आणि व्यभिचार करायचा नाही, राजाला विष घालायचे नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. यातले काही केले तर राजा जमीन काढून घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. दान देतानाही हा राजा किती सावध होता, ते या ओळींत दिसते.

वत्सगुल्मचा तोल वेगळा आहे. इथे गुप्तांची सून नाही आणि गुप्तांची वंशावळही नाही. वाशिमच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा बराचसा तपशील प्राकृतात आहे. नंदिवर्धनचे ताम्रपट मात्र संस्कृतात असतात. दान दिलेले गाव नांदीकडच्या, म्हणजे नांदेडच्या मार्गावरचे. यावरून या राज्याचा कल दक्षिणेला, मराठवाड्याकडे होता हे कळते. साहित्यातही वाशिम मागे नव्हते. सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले. ते आज हरवले असले तरी जुन्या अलंकारशास्त्रकारांनी त्याची दखल घेतलेली आहे. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही विदर्भातल्या वत्सगुल्म नगरातच.

या शाखेचा काळ ठरवायला एक भक्कम आधार आहे. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा इथे देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला. त्यात सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे आणि शक 380, म्हणजे इ.स. 458, हे वर्ष दिलेले आहे. वाकाटक राजे आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत असल्याने शकाचा असा आकडा फार मोलाचा ठरतो.

या देवसेनाचा मुलगा हरिषेण. अजिंठ्याची नऊ आणि दहा क्रमांकांसारखी लेणी त्याच्याही काही शतके आधीची आहेत. पण चित्रांनी भरलेले जे अजिंठा आपण डोळ्यांसमोर आणतो ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे हरिषेणाच्या सुमाराचे. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून भिक्षुसंघाला दिले. ओसरीबाहेरच्या भिंतीवर त्याचा लेख आहे. लेण्याच्या खिडक्या, दारे, खांब यांचे वर्णन करताना लेखात नागराजाच्या निवासाचाही उल्लेख येतो. खालून पायऱ्या चढून येताना वेटोळ्यावर बसलेला नागराज आजही तिथे दिसतो, तेव्हा तो बघूनच पुढे जावे. सतराव्या लेण्याच्या लेखातही हरिषेणाचे नाव आहे, पण ते लेणे एका मांडलिक राजाने कोरवले. सव्विसावे तर भिक्षू बुद्धभद्राचे, अश्मक राजाच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ. म्हणजे ‘वाकाटकांनी अजिंठा कोरला’ हेही ढोबळच झाले. खरे पाहता वत्सगुल्मच्या छत्राखाली मंत्री, मांडलिक आणि भिक्षू यांनी आपापल्या पैशाने हे काम केले. या चित्रांना सरसकट ‘गुप्तकला’ म्हणण्याची सवय तर मोडायलाच हवी. हरिषेण गुप्तांचा मांडलिकही नव्हता आणि नातूही नव्हता.

त्याच्या वेळी नंदिवर्धनची स्थिती नाजूक होती. मध्यंतरी नल घराण्यातला राजा भवदत्तवर्मा थेट नंदिवर्धनपर्यंत पोहोचला होता, आणि दुसरा पृथिवीषेण आपल्या ताम्रपटात बुडालेल्या वंशाचा उद्धार केल्याचे सांगतो. त्याच्यानंतर त्या शाखेचा मागमूस लागत नाही. वराहदेवाच्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची यादी येते. स्तुतीतला फुगवटा वजा केला तरी त्या काळी दख्खनमधली मोठी सत्ता वाशिमला होती, हे मान्य करावे लागते. हरिषेणानंतर तीही झपाट्याने विरली.

पुढच्या वेळी वाकाटकांचा एखादा लेख किंवा संग्रहालयातली पाटी समोर आली, तर पहिल्या प्रवरसेनाच्या लगेच पुढचे नाव बघा. गौतमीपुत्र आणि नागवंशी राजा भवनागाचा दौहित्र रुद्रसेन असे आले, तर मजकूर नंदिवर्धनचा. सर्वसेन आला, तर वाशिमचा.