अभयारण्याशेजारच्या शेतात पुराची वाळू: काढायची कशी, परवानगी कुणाची?

सप्टेंबर 2025 च्या पुरात सीना नदीनं करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांत कुणाची माती ओढून नेली, तर कुणाच्या उभ्या पिकात वाळू आणून टाकली. माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या अभयारण्याचं क्षेत्रही याच तालुक्यांत पसरलेलं. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याची गाठ महसूल, पर्यावरण आणि वन्यजीव अशा तीन वेगवेगळ्या कायद्यांशी पडते. एका कायद्यात सूट मिळाली की बाकीचे दोन्हीही मोकळे झाले, असं धरून ट्रॅक्टर लावला जातो आणि तिथूनच बहुतेक भांडणं सुरू होतात.

आधी सूट कोणती ते बघू. खाणकामासाठी 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. केंद्रानं 15 जानेवारी 2016 ला त्यात परिशिष्ट 9 घातलं. पूर ओसरल्यावर शेतकऱ्यांनी शेतात साचलेली वाळू हटवणं हे काम त्या परिशिष्टानुसार पर्यावरण मंजुरीतून वगळलं आहे. 2020 मध्ये परिशिष्ट नव्यानं आलं, तेव्हाही ही नोंद राहिली. सर्वोच्च न्यायालयानं 21 मार्च 2024 ला त्यातलं एक कलम रद्द केलं, पण ते रस्ते-रेल्वेसाठी माती उचलण्याचं होतं. शेतकऱ्यांचं कलम शाबूत आहे. मात्र सूट शेतकऱ्याला आहे आणि शेतातल्या थरापुरती आहे. ठेकेदारानं करार करून मशिनरी उतरवली, किंवा खणता खणता नदीपात्र गाठलं, तर ही ढाल उपयोगाची नाही.

दुसरा कायदा महसुलाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिजावर हक्क शासनाचा. सातबारा तुमच्या नावावर असला तरी परवानगीशिवाय वाळू गटाबाहेर नेली की तो अवैध उपसा ठरवला जाऊ शकतो. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत, वाहन जप्त, आणि ते सोडवायची रक्कम वेगळी. राज्याच्या एप्रिल 2025 च्या वाळू धोरणात नैसर्गिक आपत्तीनं शेतात साचलेल्या वाळूची निर्गती करण्याची तरतूद आहे, पण तिचा रस्ता तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयातूनच जातो. पंजाब सरकारनं त्याच सप्टेंबरात ‘जिसदा खेत, उसदी रेत’ म्हणत शेतकऱ्यांना वाळू काढून विकायची मुभा दिली. त्याचे मेसेज आपल्याकडच्या ग्रुपवर आले तरी तो निर्णय पंजाबचा आहे; इथल्या तहसीलदारासमोर तो दाखवून काही होत नाही.

तिसरा प्रश्न अंतराचा, आणि खरा वाद इथेच आहे. जमीन अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 29 आडवं येतं. अधिवासाला धक्का लागेल असं काहीही करायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो, आणि ते काम वन्यजीवांच्या हितासाठी गरजेचं आहे अशी शासनाची खात्री पटल्याशिवाय तो परवाना देता येत नाही. म्हणजे हद्दीतून वाळू विक्रीला काढायचा विचार सोडलेला बरा. हद्दीबाहेर, पण 1 किलोमीटरच्या आत असाल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 26 एप्रिल 2023 चा आदेश लागू होतो: अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून 1 किमीपर्यंत खाणकामाला मनाई. शेतकरी म्हणतो, मी रान साफ करतोय, ही खाण नव्हे. समोरचा म्हणतो, ट्रॉली भरून बाहेर गेली की ती खाणच. माझं मत विचाराल तर वाळू विकली की शेतकऱ्याची बाजू फार लंगडी होते. इको-सेन्सिटिव्ह झोनच्या, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याच्या, अधिसूचनांमध्येही व्यापारी खाणकामाला बंदी आणि स्थानिक रहिवाशांच्या घरगुती गरजेला सवलत, असाच साचा असतो.

म्हणून पहिलं काम आपला गट नेमका कुठे येतो हे लेखी घेणं. माळढोकच्या बाबतीत हे फारच गरजेचं, कारण 1979 मध्ये 8,496 चौ. किमी असलेलं हे अभयारण्य नंतर सुमारे 1,222 चौ. किमीवर आलं. ‘आपलं गाव अभयारण्यात आहे’ ही गावातली समजूत आज खरी असेलच असं नाही, आणि उलटंही घडतं. वन्यजीव विभागाच्या कार्यालयात गट नंबर देऊन हद्द आणि अंतराचा दाखला मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका; दाखला मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

मग तहसीलदारांकडे अर्ज, आणि त्याची प्रत जिल्हा खनिकर्म शाखेला. सोबत चालू सातबारा आणि आठ-अ, गट नकाशा, आधार, शेतकरी ओळख क्रमांक, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, वन्यजीव विभागाचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत जोडा. वाळू काढून कुठे ठेवणार, कशासाठी वापरणार, हेही अर्जातच लिहा. ती गटाबाहेर न्यायची असेल तर वाहतूक परवाना वेगळा, महाखनिज या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवरचा. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र क्षुल्लक वाटतं, पण तक्रार बऱ्याचदा भाऊबंदकीतूनच होते.

सगळ्यात जास्त लक्ष पंचनाम्यावर द्या. ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी येतील तेव्हा चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन खालची काळी माती दिसेपर्यंत पट्टी लावून घ्या, फोटोत लोकेशन येऊ द्या आणि थराची जाडी आकड्यात लिहून घ्या. ‘भरपूर वाळू’ असा शेरा कुणाच्याच कामाचा नाही. एका एकरावर 1 फूट थर म्हणजे जवळपास 435 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). पंचनाम्यात 3 इंच लिहिले असतील तर हिशेब 109 ब्रासवर थांबतो. त्यापुढची प्रत्येक ट्रॉली नदीतली धरली जाईल, आणि दंडाचा हिशेब तिथून सुरू होईल.

मदतीसाठीही हाच आकडा लागतो. आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांत 3 इंचांपेक्षा जास्त थर असेल तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपये आहेत, अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी. 3 इंचांच्या थरात हेक्टरी सुमारे 269 ब्रास वाळू असते, म्हणजे ब्रासमागे 67 रुपये. एवढ्यात जेसीबीवाला बांधावरही उभा राहणार नाही. पण ही मदत खाणकामाची परवानगी नव्हे, त्यामुळे अभयारण्याजवळ असल्याच्या कारणावरून ती नाकारली तर लेखी कारण मागा. जमीन खरडून गेली असेल तर तो प्रकार वेगळा आणि दरही वेगळे. दोन्ही झालं असेल तर दोन्ही क्षेत्रं पंचनाम्यात स्वतंत्र दाखवून घ्या.

परवानगी नाकारली किंवा दंडाचा आदेश आला, तर तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे अपील करता येतं, मुदत 60 दिवस. आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटासकट जपून ठेवा. कुणी पर्यावरणाच्या मुद्द्यावर तुमच्याविरुद्ध गेलं तर नोटीस पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडून येऊ शकते, आणि तिथे परिशिष्ट 9, पंचनामा आणि वाहतूक परवाने हेच तुमचे पुरावे. वन्यजीव संरक्षण कायदा मात्र त्या न्यायाधिकरणाच्या यादीत नाही. कलम 29 खालच्या आदेशाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात जावं लागतं. सोलापूर जिल्ह्यासाठी ते ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर, आणि अभयारण्याच्या अहिल्यानगर बाजूच्या गावांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात.