बीगल-2 मंगळावर आदळून फुटलं नव्हतं

ब्रिटनचं बीगल-2 यान 25 डिसेंबर 2003 रोजी मंगळावर आदळून चक्काचूर झालं, असं आजही सर्रास लिहिलं जातं. ते चुकीचं आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाने टिपलेल्या छायाचित्रांत ते धड अवस्थेत ओळखू आलं आणि जानेवारी 2015 मध्ये तसं जाहीर झालं. ठिकाण इसिडिस प्लॅनिशिया हे मंगळावरचं मैदान, नेमक्या लक्ष्यापासून साधारण 5 किलोमीटरवर. पसरूनही दोन मीटरच्या आतलं यान, म्हणजे छायाचित्रात मोजकेच ठिपके. पण शेजारी पॅराशूटही दिसलं. प्रकल्पाचे प्रमुख कॉलिन पिलिंजर मे 2014 मध्येच गेले. हे कळायला ते असायला हवे होते.

मग त्याच्याकडून पृथ्वीवर एकही संदेश का आला नाही? उतरल्यावर झाकण उघडून चार सौर पॅनेलं उलगडायची होती आणि रेडिओचा अँटेना त्या पॅनेलांखाली होता. शेवटचं पॅनेल बाजूला होईपर्यंत तो झाकलेलाच. घोडं बहुधा इथेच अडलं. 2016 मधल्या विश्लेषणानुसार निदान तीन पॅनेलं उघडली असावीत. पण एक जरी अडकलं, तरी यानाला बोलता येत नाही आणि पृथ्वीवरून ‘पुन्हा उघड’ अशी आज्ञाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.